तीन मोटारी, दोन हजार भाग आणि एकही कानस नाही

सायकलच्या मडगार्डचा नट वाटेत कुठेतरी पडला तर आपण फारसा विचार करत नाही. दुकानात जातो, त्याच मापाचा नवा नट घेतो, बोल्टवर फिरवतो आणि घरी येतो. नट बसतो. तो का बसला, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलीला मात्र पडू शकतो. ज्या कारखान्यात तो नट तयार झाला, तिथल्या कोणीही आपल्या सायकलचा बोल्ट पाहिलेला नव्हता. नट आणि बोल्ट यांची पहिली भेट आपल्याच हातात झाली. तरीही ते एकमेकांसाठी केल्यासारखे बसले. असे कसे झाले?

या साध्या वाटणाऱ्या गोष्टीमागे फार मोठी खटपट आहे. तिचा एक भाग आम्ही या लेखात सांगणार आहोत. तो आहे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या ‘कॅडिलॅक’ या मोटार कंपनीचा. कॅडिलॅक म्हटले की लांबलचक, चकचकीत, श्रीमंतांची गाडी डोळ्यांपुढे येते. पण सुरुवातीच्या काळात या कंपनीचे नाव झाले ते मऊ गाद्यांमुळे नव्हे, तर मोजमापामुळे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मोटारींच्या इतिहासात डोकावायचे ते याचसाठी.

ब्रुकलंड्सची परीक्षा

१९०८ साली मोटार ही नवलाची वस्तू होती आणि बहुतेक ठिकाणी ती हाताने घडवली जात असे. ‘घडवली जात असे’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. यंत्रावर कातून आलेले भाग फिटरच्या टेबलावर येत. फिटर एक भाग दुसऱ्यात बसवून पाही, कुठे अडते ते बघे, तिथे कानस मारी, पुन्हा बसवून पाही. असे करत करत एक मोटार तयार होई. ती उत्तम चालेही. पण तिचा पिस्टन शेजारच्या मोटारीत बसेलच याची खात्री नसे. त्या मोटारीचे भाग तिच्याशीच जुळवलेले असत. एखादा भाग मोडला, तर नवा मागवायचा आणि कुशल कारागिराकडून तो पुन्हा जुळवून घ्यायचा, हाच मार्ग.

अमेरिकी कारखान्यांचा दावा वेगळा होता. आमच्या मोटारीचा कोणताही भाग त्याच प्रकारच्या कोणत्याही मोटारीत बसेल, असे ते सांगत. ब्रिटनमध्ये मात्र अमेरिकी माल म्हणजे स्वस्त आणि कच्चा असा समज होता. कॅडिलॅकचे तिथले विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी ठरवले की नुसते सांगून उपयोग नाही, हा दावा तपासायला द्यावा. त्यांनी ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबला तशी विनंती केली.

२९ फेब्रुवारी १९०८ रोजी क्लबच्या प्रतिनिधींनी बेनेट यांच्याकडच्या नव्या गाड्यांमधून आपल्या मनाने तीन निवडल्या. या ‘मॉडेल के’ जातीच्या, एका सिलिंडरच्या छोट्या गाड्या होत्या. इंजिनाचा व्यास पाच इंच, पिस्टनची धावही पाच इंच. (घनफळ मुलांना काढू द्या. उत्तर सुमारे ९८ घन इंच, म्हणजे १.६ लिटर येते.) गाड्या लंडनहून ब्रुकलंड्सला चालवत नेल्या. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला, सुमारे पावणेतीन मैल लांबीचा हा गोलाकार मार्ग आदल्याच वर्षी सुरू झाला होता. तिथे प्रत्येक गाडीने दहा फेऱ्या मारल्या. गाड्या ठीक चालतात याची नोंद झाली आणि मग त्या एका शेडमध्ये नेऊन पूर्ण सुट्या करण्यात आल्या.

प्रत्येक गाडीचे ७२१ भाग निघाले. तिन्हींचे मिळून २१६३. क्लबच्या लोकांनी या सगळ्या भागांची सरमिसळ केली. कोणता भाग कोणत्या गाडीतून निघाला हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी ढिगातून ८९ भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले सुटे भाग ठेवले. मग मेकॅनिकांना सांगितले, आता यातून तीन गाड्या जोडा. हत्यारे म्हणाल तर पान्हे, स्क्रू ड्रायव्हर अशी साधीच. कानस वापरायची नाही, घासायचे नाही, कातायचे नाही.

गाड्या जोडल्या गेल्या. त्यांचे चाक एका रंगाचे, मडगार्ड दुसऱ्या रंगाचे, असा प्रकार झाला होता, म्हणून पाहणाऱ्यांनी त्यांना विदूषकाच्या ठिगळांच्या पोशाखावरून नाव ठेवले. पण इंजिने सुरू झाली. तिन्ही गाड्या ब्रुकलंड्सच्या मार्गावर प्रत्येकी ५०० मैल धावल्या. १३ मार्चला परीक्षा संपली. त्यातली एक गाडी क्लबने कुलपात ठेवली, ती जूनमध्ये बाहेर काढून २००० मैलांच्या टिकाऊपणाच्या स्पर्धेत उतरवली आणि तिने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला.

सर थॉमस ड्यूअर यांनी क्लबला दिलेला एक चषक होता. क्लबच्या देखरेखीखाली वर्षभरात झालेल्या चाचण्यांपैकी सर्वांत मोलाच्या कामगिरीला तो मिळत असे. १९०८ सालचा ड्यूअर चषक कॅडिलॅकला मिळाला. वेगासाठी नव्हे, सौंदर्यासाठी नव्हे, तर सारखेपणासाठी.

बंदुकांच्या कारखान्यातून मोटारींकडे

या सारखेपणामागचा माणूस म्हणजे हेन्री मार्टिन लेलंड. १८४३ साली व्हरमाँट राज्यात जन्मलेले लेलंड मोटारींच्या धंद्यात आले तेव्हा साठीला टेकले होते. तोवरचे आयुष्य त्यांनी मापे घेण्यात घालवले होते, असे म्हटले तरी चालेल.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात काम करत होते. रणांगणावर एका बंदुकीचा घोडा मोडला तर दुसऱ्या बंदुकीचा काढून बसवता यावा, ही लष्कराची जुनी इच्छा. त्यासाठी अमेरिकेतल्या शस्त्रकारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रयत्न चालवले होते. तिथे प्रत्येक भाग ठरलेल्या गेजशी ताडून पाहत. लेलंड यांचे पहिले शिक्षण या शिस्तीत झाले. पुढे त्यांनी पिस्तुले बनवणाऱ्या कोल्टच्या कारखान्यात काम केले आणि मग प्रॉव्हिडन्स शहरातल्या ‘ब्राउन अँड शार्प’ कंपनीत बरीच वर्षे काढली. ही कंपनी मायक्रोमीटर आणि अचूक घासणारी यंत्रे तयार करत असे. थोडक्यात, मापणाऱ्या साधनांचेच तिथे उत्पादन होई.

१८९० साली लेलंड डेट्रॉइटला आले आणि रॉबर्ट फॉकनर या लाकूड व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला. त्या काळी साखळीऐवजी दातेरी चाके वापरणाऱ्या सायकली निघाल्या होत्या. त्यांची शंकूच्या आकाराची चाके लेलंड यांचा कारखाना कडक करून, घासून अचूक मापात देई. पुढे ओल्ड्समोबिल गाड्यांची इंजिने करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेच इंजिन दुसऱ्या एका कारखान्यातही तयार होत होते. आराखडा एकच, पण लेलंड यांच्या इंजिनाची ताकद जास्त भरली. गुपित एवढेच की त्यांचे भाग मापाला जास्त पक्के होते. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यात फट जास्त राहिली तर जळलेला वायू निसटतो. फार घट्ट झाले तर घर्षणात शक्ती जाते. या दोन्हींच्या मधली अरुंद वाट ज्याला सापडली, त्याला तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते.

१९०२ च्या ऑगस्टमध्ये एक गमतीदार योग जुळून आला. हेन्री फोर्ड आपल्याच नावाच्या एका कंपनीतून भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडले होते. उरलेल्या भांडवलदारांनी कंपनी मोडीत काढायचे ठरवले आणि यंत्रसामग्रीची किंमत करायला लेलंड यांना बोलावले. लेलंड यांनी किंमत तर केलीच, पण सल्ला दिला की कारखाना विकू नका, माझ्याकडे चांगले इंजिन तयार आहे, ते घेऊन मोटारी काढा. भांडवलदारांनी ऐकले. डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराच्या नावावरून नव्या कंपनीला ‘कॅडिलॅक’ हे नाव मिळाले. पहिली गाडी एका सिलिंडरची होती आणि तिची किंमत ७५० डॉलर. म्हणजे ही कंपनी श्रीमंतांसाठी म्हणून जन्मली नव्हती.

हजारावा भाग म्हणजे किती?

लेलंड यांच्या कारखान्यात माप इंचाच्या हजाराव्या भागात बोलले जाई. जिथे गरज पडेल तिथे त्याच्याही अंशात. इंचाचा हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचे दोन ते चार भाग करायचे आणि त्यातला एक भाग इकडे की तिकडे याचा वाद घालायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘अचूक’ म्हणजे अजिबात चूक नसलेले, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. कारखान्यात तसे नसते. एक इंचाचा दांडा बरोबर एक इंचाचा कधीच नसतो. कोणी कितीही जपून कातला तरी तो थोडा जाड किंवा थोडा बारीक होणारच. म्हणून प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारायचा. किती चूक चालेल? समजा ठरले की दांडा ०.९९८ ते १.००० इंच यांच्या मधला असला म्हणजे पुरे. मग दोन भोके असलेले एक गेज करायचे. मोठ्या भोकातून दांडा जायला हवा, लहान भोकातून जाता कामा नये. दोन्ही कसोट्या उतरल्या तर दांडा पास. कामगाराला आकडे वाचावे लागत नाहीत, अंदाज करावा लागत नाही. चुकीला मान्य केलेली ही जी हद्द, तिला अभियंते ‘टॉलरन्स’ म्हणतात. चूक संपवण्याचा हट्ट सोडून तिला कुंपण घातले, तेव्हा वस्तू अदलाबदलीच्या झाल्या.

पण गेजचे माप बरोबर आहे हे कशावरून? गेज तपासायला आणखी अचूक गेज हवे. ही अडचण स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी सोडवली. तेही बंदुकांच्याच कारखान्यात काम करत. १८९६ साली त्यांना सुचले की हजारो वेगवेगळी गेजे ठेवण्याऐवजी अगदी सपाट पोलादी ठोकळ्यांचा एकच संच करावा आणि ते एकमेकांवर रचून हवे ते माप मिळवावे. त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने वीस हजार मापे तयार करता येत. ठोकळे इतके गुळगुळीत असत की एकावर एक सरकवून दाबले की चिकटून बसत. हे हवेच्या दाबाने घडते असे वाटेल, पण निर्वातातही ते सुटत नाहीत. पृष्ठभाग अगदी जवळ आल्याने रेणूंमधले आकर्षण आणि मधला द्रवाचा पातळ थर ही त्याची कारणे.

अमेरिकेत हे ठोकळे सर्वांत आधी वापरणाऱ्यांमध्ये कॅडिलॅक होती. आपण मुलांना १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर असे पाठ करायला लावतो, त्याचाही या ठोकळ्यांशी संबंध आहे. ब्रिटनचा आणि अमेरिकेचा इंच किंचित वेगळे होते. योहान्सन यांनी इंचाचे ठोकळे करताना सोयीचा मधला आकडा घेतला: २० अंश सेल्सियसला २५.४ मिलिमीटर. कारखान्यांनी तो उचलला आणि १९५९ साली इंग्रजी भाषिक देशांनी करार करून तोच अधिकृत केला.

तापमान का सांगायचे, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. पोलादाचे प्रसरण एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिलिमीटर असते. एक इंचाचा दांडा दहा अंशांनी तापला तर इंचाच्या दहाहजाराव्या भागाहून थोडा अधिक वाढतो. आठवीच्या पुस्तकातले प्रसरण इथे कारखान्याच्या दारात उभे राहते.

शंभरातले नव्याण्णव पुरत नाहीत

आल्फ्रेड स्लोन हे पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख झाले. तरुणपणी ते रोलर बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत होते आणि कॅडिलॅकला माल पुरवत. एकदा बेअरिंगबद्दल तक्रार आली म्हणून ते लेलंड यांना भेटायला गेले. लेलंड यांनी मायक्रोमीटर काढला आणि बेअरिंगची मापे एकामागून एक घेऊन दाखवली. नमुन्याची चार-दोन चांगली असून भागणार नाही, हजारोंच्या हजारो सारखीच हवीत, असे त्यांनी बजावले. ही आठवण स्लोन यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. खरी अचूकता म्हणजे काय, हे आपल्याला त्या दिवशी कळले, असा तिचा सूर आहे.

लेलंड यांचा आग्रह म्हाताऱ्याचा हेका होता का? गणित करून पाहू. एका मोटारीत ७२१ भाग. समजा प्रत्येक भाग बरोबर बसण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव आहे. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. पण ७२१ च्या ७२१ भाग एकदम बरोबर बसण्याची शक्यता काढायची तर ०.९९ चा स्वतःशी ७२१ वेळा गुणाकार करावा लागेल. उत्तर येते सुमारे ०.०००७. दहा हजार गाड्यांमधल्या जेमतेम सात! बाकी प्रत्येक गाडीत सरासरी सात भाग अडतील आणि फिटरला पुन्हा कानस घ्यावी लागेल. ब्रुकलंड्सला तीन गाड्या कानस न लावता जोडल्या गेल्या याचा अर्थ आता नीट ध्यानात येतो.

या काटेकोरपणाचा एक परिणाम पहिल्या ऐकण्यात उलटा वाटेल. त्यामुळे गाड्या महाग झाल्या नाहीत, उलट चांगली गाडी स्वस्तात देता येऊ लागली. जोडणीत घासाघाशी करायला लागणारा वेळ वाचला. कॅडिलॅकची पहिली चार सिलिंडरची गाडी १९०५ साली आली तेव्हा तिची किंमत २८०० डॉलर होती. १९०९ च्या चार सिलिंडरच्या ‘मॉडेल थर्टी’ची किंमत १४०० डॉलर. त्याच वर्षी जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण कारभार लेलंड आणि त्यांचा मुलगा विल्फ्रेड यांच्याकडेच राहिला.

हँडल गेले, ‘सेल्फ’ आला

आपल्याकडेही हँडल मारून जीप किंवा शेतावरचे इंजिन सुरू करताना अनेकांनी पाहिले असेल. त्या काळच्या बहुतेक पेट्रोल मोटारी अशाच सुरू होत. हँडल मारताना ठिणगी अवेळी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. कॅडिलॅकच्या इतिहासात याबद्दल एक करुण कथा सांगतात. लेलंड यांचे स्नेही आणि मोटार-निर्माते बायरन कार्टर एका अनोळखी बाईची बंद पडलेली गाडी सुरू करायला गेले, हँडलचा फटका जबड्यावर बसला आणि त्यात ते दगावले. तेव्हा लेलंड यांनी हँडल घालवण्याची शपथ घेतली. ही घटना पुष्कळदा १९१० च्या हिवाळ्यातली म्हणून सांगतात. पण कार्टर १९०८ सालीच वारले होते. कथेतले किती खरे, किती नंतर जोडलेले, याबद्दल सावध राहावे. हातपाय मोडत होते, एवढे मात्र पक्के खरे.

उपाय शोधला चार्ल्स केटरिंग यांनी. ओहायो राज्यातल्या खेड्यातला हा मुलगा इंजिनिअर होण्याआधी एका खोलीच्या शाळेत मास्तर होता, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. पुढे डेटन शहरातल्या गल्ला-यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी विजेवर चालणारे गल्ला-यंत्र तयार केले होते. १९१० च्या सुमारास त्यांचा लहानसा गट एका कोठारात मोटारींच्या विजेच्या उपकरणांवर काम करत होता. लेलंड यांनी त्यांच्याकडून इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा घेतली होतीच. आता स्टार्टर मागितला.

इंजिन फिरवण्याएवढी ताकदवान विजेची मोटर फार मोठी आणि जड होईल, गाडीत मावणार नाही, असे जाणकारांचे मत होते. दिवसभर फिरणाऱ्या मोटरीचा हिशोब केला तर ते मत बरोबरच होते. पण केटरिंग यांनी गल्ला-यंत्रात पाहिले होते की मोटर क्षणभरच चालायची असेल तर तिच्यातून पेलवण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह सोडता येतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि वेळेच्या प्रमाणात असते. समजा प्रवाह पाचपट केला. उष्णता पंचवीसपट वेगाने तयार होईल. पण मोटर तासाऐवजी पाचच सेकंद चालली तर वेळ ७२० पटींनी कमी झाला. एकूण उष्णता आधीच्या जेमतेम साडेतीन टक्के! तार जळायच्या आत इंजिन सुरू झालेले असते. पुस्तकातले सूत्र तेच; त्यातल्या ‘वेळ’ या अक्षराकडे लक्ष गेले ते केटरिंग यांचे.

आणखी एक युक्ती त्यांनी केली. इंजिन सुरू झाले की तीच मोटर इंजिनाकडून फिरवून घ्यायची आणि जनित्र म्हणून वापरायची. बॅटरी पुन्हा भरते, दिवे लागतात, ठिणगीही मिळते. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा गाडीवर बसली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये नेहमीसाठी आली. या कामगिरीने ड्यूअर चषक कॅडिलॅककडे दुसऱ्यांदा गेला. मोटार चालवायला आता दणकट बाहूंची गरज उरली नाही. वाटेल त्याला, वाटेल तिला गाडी सुरू करता येऊ लागली.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये कॅडिलॅकने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर असलेले ७० अश्वशक्तीचे इंजिन आणले. असे इंजिन फ्रान्समध्ये त्याआधी निघाले होते, पण मोठ्या संख्येने ते तयार करून दाखवले कॅडिलॅकने. पहिल्याच वर्षी तेरा हजारांवर गाड्या निघाल्या. चार धावांच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो, म्हणजे ७२० अंशांत एकदा. आठ सिलिंडर असले तर दर ९० अंशांना. चाल गुळगुळीत होते. कॅडिलॅक आता खऱ्या अर्थाने श्रीमंती गाडी झाली होती. आणि तिची श्रीमंती पुन्हा मापांतच होती, कारण आठपट भाग म्हणजे चुकीला आठपट जागा.

हिशोबाची दुसरी बाजू

लेलंड यांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या फिटरची कानस अनावश्यक ठरली, त्याचे काय झाले? त्याच्या बोटांत अनेक वर्षांचा अनुभव होता. भाग हातात घेताच कुठे अडणार हे त्याला कळे. गेज आल्यावर ते शहाणपण कामगाराच्या हातातून निघून हत्यारात आणि गेजमध्ये गेले. यंत्रावर थोडक्या शिक्षणाचा माणूस बसवता येऊ लागला आणि त्याला बदलणेही सोपे झाले. भाग अदलाबदलीचे झाले तसा माणूसही अदलाबदलीचा झाला. लेलंड स्वतः कारागीर होते, कुशल हत्यारे घडवणारे तयार व्हावेत म्हणून त्यांनी कारखान्यात शाळाही काढली. पण कामगार संघटनांना त्यांचा कडवा विरोध होता. सुटे भाग स्वस्तात मिळण्याचा आनंद आपण घेतो तेव्हा हेही मुलांना सांगावे असे आम्हांला वाटते.

आणि अचूकता सगळ्यातून तारून नेते असेही नाही. पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने करण्याच्या प्रश्नावर जनरल मोटर्सच्या प्रमुखांशी मतभेद झाले, तेव्हा १९१७ साली लेलंड पितापुत्र कॅडिलॅकमधून बाहेर पडले. लेलंड तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांनी नवी कंपनी काढली आणि तरुणपणी ज्यांना मत दिले होते त्या अब्राहम लिंकन यांचे नाव तिला दिले. ‘लिंकन’ने विमानांची ६५०० इंजिने केली आणि युद्ध संपल्यावर मोटारी काढल्या. मापात त्या चोख होत्या, पण दिसायला जुनाट. त्यात मंदी आली. १९२२ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत विकली गेली. विकत घेणारे होते हेन्री फोर्ड. वीस वर्षांपूर्वी फोर्ड यांच्या सोडलेल्या कारखान्यातून लेलंड यांनी कॅडिलॅक उभी केली होती. आता लेलंड यांचा कारखाना फोर्ड यांच्याकडे गेला आणि काही महिन्यांत पितापुत्रांना बाहेर पडावे लागले. १९३२ साली लेलंड वारले. श्रीमंती गाड्यांची ही दोन्ही नावे त्यांच्यामागे टिकून राहिली.

आपल्या कपाटातला मायक्रोमीटर

शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक स्क्रू गेज असतो. बहुधा वर्षातून एकदा तारेची जाडी मोजायला बाहेर निघतो. त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून कमी. लेलंड ज्या मापाने बेअरिंग नाकारत, ते माप घेण्याची सोय आपल्या कपाटात आहे.

एक प्रयोग करून पाहा. मुलांना खेळायच्या वीस गोट्या आणायला सांगा आणि सायकलच्या दुकानातून एकाच मापाचे वीस छर्रे आणा. प्रत्येकाचा व्यास स्क्रू गेजने मोजा. आधी शून्याची चूक काढायला विसरू नका. गोट्यांची मापे फळ्यावर एका बाजूला लिहा, छर्ऱ्यांची दुसऱ्या बाजूला. सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक काढा. डोळ्यांना गोट्याही सारख्याच दिसत होत्या. आकडे पाहून मुले काय म्हणतात ते ऐका. मग विचारा, गोट्यांमध्ये एवढा फरक असून खेळ का बिघडत नाही? आणि सायकलच्या चाकात एक छर्रा थोडा मोठा निघाला तर बाकीच्या छर्ऱ्यांवर किती भार पडेल?

उत्तरपत्रिकेत आपण ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशा दोनच खुणा करतो. ‘किती चूक चालेल, आणि कशासाठी?’ हा तिसरा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. सायकलचा तो नट बसला, कारण कोणीतरी तो प्रश्न विचारला होता आणि उत्तराची हद्द आकड्यांत लिहून ठेवली होती.